ग्रिप फिरते ती रबरामुळे नव्हे

पेण-रोहा पट्ट्यात पावसाळ्यात मातीच्या वाटांवर बाइक घालणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली आहे. नवीन ग्रिप टाकली, महागातली टाकली, तरी दुसऱ्या-तिसऱ्या पावसात ती हातात फिरायला लागली. मग दोष कधी कंपनीला, कधी ‘हल्लीच्या रबराला’, आणि कोणीच सापडलं नाही तर बसवणाऱ्या मेकॅनिकला. बहुतेक वेळा रबर निर्दोष असतं. ग्रिप आणि खालची नळी यांच्यामधल्या कागदाएवढ्या जागेत काय राहिलं, यावर ती धरणार की सुटणार हे ठरतं. तिथे तेल राहिलं, साबण राहिला किंवा जुन्या गोंदाचे पापुद्रे राहिले, तर जगातली सर्वांत महाग ग्रिपसुद्धा फिरणारच.

इकडे डर्ट बाइक म्हणून जे दिसतं ते बहुतेक रस्त्यावर चालणारं आणि मातीत जाऊ शकणारं वाहन असतं: २०१९मध्ये आलेली हीरोची एक्सपल्स, २०१६पासूनची रॉयल एन्फिल्डची हिमालयन, आणि काही हौशींनी अजून जपून ठेवलेली २०११ची हीरो इम्पल्स. खऱ्या मोटोक्रॉसच्या बाइकला नंबरप्लेट मिळत नाही; ती टेम्पोत घालूनच मैदानावर न्यावी लागते. जानेवारी २०२४मध्ये पुण्याच्या बालेवाडी संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. अशा शर्यती पाहून आलेल्या पोरांना त्या स्वारांसारख्याच रंगीत, जाळीदार ग्रिप हव्या असतात. हव्याशा वाटणं चांगलंच. पण शर्यतीतली ग्रिप वीस-पंचवीस मिनिटांच्या झुंजीसाठी निवडलेली असते आणि झिजली की लगेच बदलली जाते. वडखळहून नागोठणे, सुकेळी खिंड, कोलाड असं रोज जाणाऱ्याचा हिशेब वेगळा आहे.

खरेदीपासूनच सुरुवात करू, कारण पहिली फसगत तिथे होते. पाकिटात दोन ग्रिप असतात, दिसायला जुळ्या, म्हणून कुठलीही कुठेही चढेल असं वाटतं. चढत नाही. डाव्या बाजूला ग्रिप थेट हँडलच्या नळीवर बसते आणि त्या नळीचा बाहेरचा व्यास साधारण २२ मिलिमीटर असतो. उजवीकडे हँडलवर आधी एक्सलेटरचा प्लास्टिक पाइप येतो आणि ग्रिप त्या पाइपवर बसते. तिथला व्यास २५ मिलिमीटरच्या आसपास जातो. म्हणून मोटारसायकलच्या जोडीत एका ग्रिपचं भोक मोठं आणि दुसरीचं लहान असतं. उलट लावली तर डावी ढिली राहते आणि उजवी चढवताना फाटते. ऑनलाइन स्वस्तात मिळालेली जोडी कधी कधी सायकलची निघते. माउंटन बाइकचं हँडलही २२ मिलिमीटरचंच असल्याने डावी ग्रिप छान बसते आणि गिऱ्हाइकाला वाटतं, जमलं. उजवी हातात घेतल्यावर कळतं की दोन्ही भोकं सारखी आहेत. पाकीट फोडण्याआधी दोन्ही टोकांतून नुसतं बघितलं तरी हा घोळ टळतो.

‘फॅट बार’ घेतला म्हणजे जाड ग्रिप लागते, हीही अशीच ऐकीव गोष्ट. तो बार २८.६ मिलिमीटरचा असतो तो मधोमध, क्लॅम्पच्या जागी. टोकाकडे तो निमुळता होत पुन्हा २२वर येतो, त्यामुळे ग्रिप तीच.

आता मऊपणा. दुकानात ग्रिप दाबून पाहायची आणि जी जास्त दबते ती चांगली मानायची, असा आपला रिवाज. मऊ रबर कंप थोडा कमी पोचवतं हे खरं, पण ते लवकर झिजतं आणि हातमोज्याखाली पिळल्यासारखं हलतं. जाडीचं तर त्याहून उलट होऊ शकतं. जाड ग्रिप धरून ठेवायला लहान पंजाच्या माणसाला सतत जास्त जोर लावावा लागतो. मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू फुगतात, त्यांच्याभोवतीचं आवरण त्या मानाने ताणलं जात नाही, आत रक्त खेळायला जागा उरत नाही, आणि उतारावर नेमक्या वेळी बोटं ब्रेक दाबायला नकार देतात. मोटोक्रॉसवाले याला आर्म पंप म्हणतात. ते नुसत्या ग्रिपमुळे होतं असं नाही. हँडलला लटकून चालवण्याची सवय हे त्याचं मोठं कारण. गुडघ्यांनी टाकी धरली की हातांवरचा भार बराच उतरतो. तरी लहान हाताला पातळ ग्रिप आणि मोठ्या हाताला जाड, हा साधा नियम पाळावा. हातमोजा घालून ग्रिपभोवती मूठ वळावी. बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकली तर माप बरोबर.

जाळीदार नक्षीबद्दल एवढंच की पूर्ण जाळीची ग्रिप चिखलातही हाताला चांगली पकडते, पण मोजे न घालणाऱ्याच्या तळव्याची सालं काढते. अर्ध्या जाळीची, म्हणजे तळव्याखाली गुळगुळीत आणि बोटांकडे जाळी असलेली, इकडच्या रोजच्या वापराला बरी. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११मध्ये सुरू झालं, आणि त्या कामाने हातांना जितके हादरे दिले तितके एखाद्या डोंगरवाटेनेही दिले नसतील. ते हादरे फोमच्या ग्रिपने जात नाहीत. त्यासाठी टायरची हवा, शॉकअब आणि हँडलच्या टोकाची वजनं पाहावी लागतात. शिवाय फोम पावसाचं पाणी पिऊन बसतो, आणि इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो.

या पावसावरच पुढची सगळी गोष्ट अवलंबून आहे. ग्रिप नळीवर सरकवायला काहीतरी ओलं लागतं, आणि प्रत्येक गॅरेजचं आपलं एक औषध असतं: साबणाचं पाणी, खोबरेल, इंजिन ऑइल, पेट्रोल, हेअरस्प्रे. ‘दोन दिवसांत सुकतं, मग घट्ट बसतं’ हे वाक्य सगळ्यांसोबत ऐकू येतं.

तेल सुकत नाही. ते रबरात मुरतं, रबर फुगून सैल होतं आणि वंगणाचा थर कायमचा राहतो. साबणाचं पाणी कोरड्या हवेत बऱ्यापैकी उडून जातं, पण एका बाजूने बंद असलेल्या रबराच्या नळकांड्यातून, जुलैतल्या कोकणी दमटपणात, ते जाणार कुठे? समजा सुकलं, तरी साबण मागे उरतोच. पहिल्या सरीचं पाणी ग्रिपच्या कडेने आत शिरलं की तो पुन्हा बुळबुळीत होतो. हेअरस्प्रेचं प्रकरण जरा फसवं आहे. ओला असताना तो ग्रिप सरकवतो, सुकल्यावर चिकटतो, आणि सोलापूर-सांगलीकडच्या कोरड्या हवेत एखाद्याचं काम वर्षभर भागतही असेल. पण केसांवरून पाण्याने धुऊन निघावा अशाच बेताने तो बनवलेला असतो. रोह्यात ऑगस्टमध्ये भिजणाऱ्या हँडलवर तोच गुण अंगाशी येतो. पेट्रोल लवकर उडतं खरं, पण जाताना रबर फुगवतं आणि चिकटायला काहीच मागे ठेवत नाही. नुकत्याच बंद केलेल्या गरम इंजिनावर त्याचे थेंब टपकवण्याचा धोका वेगळाच.

मग फेविक्विक? झटपट चिकटणारे हे गोंद हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतात, म्हणजे आपल्याकडे तर आणखी चपळाईने. ग्रिप अर्ध्यावर असतानाच ते पकडतात आणि मग ती ना पुढे जाते ना मागे येते. पूर्ण बसली तरी त्यांचा थर काचेसारखा ठिसूळ असतो. इंजिनाच्या कंपाने तो तडकतो. उजव्या बाजूला एखादा थेंब पाइपच्या टोकातून आत गेला तर एक्सलेटरचा पाइपच हँडलला चिकटण्याची भीती. पंक्चरवाल्याच्या सोल्युशनवर मात्र मी सरसकट फुली मारणार नाही. ते रबरासाठीच आहे आणि पाण्याला दाद देत नाही. फक्त ते पटकन ओढून धरतं, म्हणून हात सराईत लागतो.

ग्रिपसाठी बनवलेला खास गोंद मिळतो. रेंथालसारख्या हँडल बनवणाऱ्या कंपन्याही तो विकतात. ओला असताना तो वंगणाचं काम करतो, नंतर रबरासारखा लवचीक होऊन धरतो, आणि दोन मिनिटं तरी ग्रिप फिरवून नक्षी जुळवायला वेळ देतो. पण नळी स्वच्छ नसेल तर तोही व्यर्थ. जुनी ग्रिप लांबीत चिरून काढावी. ब्लेड चालवताना डावीकडे ॲल्युमिनियमच्या नळीवर चर पडू देऊ नये, कारण वाकताना तडा तिथूनच सुरू होतो. उजवीकडे प्लास्टिकचा पाइप कापू नये. मग जुना गोंद खरवडायचा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. ते मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे हमखास असतं. पुसल्यावर नळीला पुन्हा बोटं लावायची नाहीत. घामाचा थरही पुरतो. कॉम्प्रेसरची हवा ग्रिपच्या ओठाखाली मारून ती सरकवण्याची युक्ती काही गॅरेजवाले वापरतात. मला ती फार आवडते, कारण हवा मागे काहीच ठेवत नाही. तिने जुनी ग्रिप न चिरताही निघते.

गोंद लावला की तार कशाला, असा एक पक्ष. तार बांधली की गोंद कशाला, असा दुसरा. ग्रिपवर दोन-तीन बारीक खाचा असतात त्या शोभेच्या नसून तारेसाठीच आहेत. गोंद पूर्ण लांबीवर धरतो, तार कडा आवळून पाणी आणि चिखल आत जाऊ देत नाही आणि गोंद सुटलाच तर ग्रिप हातात येऊ देत नाही. चिखलात जाणाऱ्याला दोन्ही हवीत. तार स्टेनलेस स्टीलची, साधारण ०.८ मिलिमीटरची. बांधकामावरची काळी बाइंडिंग वायर चालेल असं वाटतं, पण ती गंजते आणि गंज रबर खातो. तार दोन वेढे घेऊन पकडीने पिळायची, रबर नुसतं दबेल इतकीच. जास्त पिळली तर ती रबर कापते. उरलेलं टोक कापून, वाकवून रबरात खोचायचं आणि ते तळहाताच्या बाजूला येऊ द्यायचं नाही. ही शेवटची गोष्ट विसरणाऱ्याचे हातमोजे बघावेत.

ज्या गैरसमजाने जीव जाऊ शकतो तो अजून बाकी आहे: ग्रिप आतपर्यंत ठासून बसवली की काम पक्कं झालं. डावीकडे फार बिघडत नाही. उजवीकडे ग्रिपची कड एक्सलेटरच्या डब्याला टेकली तर रबर घासतं आणि रेस सोडली तरी ती परत येत नाही. दुसऱ्या टोकालाही तेच: बंद तोंडाची ग्रिप इतकी आत ठोकली की तिचं तोंड हँडलच्या टोकावर घासू लागलं, तर पाइप अडतो. हँडगार्ड लावणाऱ्यांना ग्रिपचं टोक कापावं लागतं. ते वेडंवाकडं कापलं की गार्डचा नट त्याला अडवतो. म्हणून डब्याकडे दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा ठेवायची आणि बाहेरच्या टोकालाही किंचित. एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाच्या नियमांत रेस हात सोडताच आपोआप बंद झालीच पाहिजे असं स्पष्ट आहे. घरची तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून रेस पूर्ण पिळायची आणि एकदम सोडायची. ‘टक्’ असा आवाज करत ती जागेवर यायला हवी. हँडल सरळ असताना, पूर्ण डावीकडे वळवून आणि पूर्ण उजवीकडे वळवून, तिन्ही वेळा. एकदाही आळसावली तर गाडी बाहेर काढायची नाही.

एलन कीने आवळायच्या लॉक-ऑन ग्रिपमुळे गोंदाची कटकट संपते, हे बरंचसं खरं आहे. फक्त मोटोक्रॉसच्या अशा ग्रिपमध्ये उजवीकडे एक्सलेटरचा पाइप ग्रिपसोबतच येतो आणि केबल ज्या कॅमवर बसते तो प्रत्येक मॉडेलला वेगळा लागतो. पाकिटातल्या कॅमपैकी एकही आपल्या गाडीला जुळत नसेल तर ती जोडी कितीही देखणी असली तरी निरुपयोगी. स्क्रूही कंपाने ढिले होतात. धुतल्यानंतर एकदा हात फिरवावा.

हँडलचं उघडं टोक मात्र कोणीच मनावर घेत नाही. गाडी आडवी पडली की ग्रिपचं टोक फाटतं आणि नळीची गोल कड उघडी पडते. पुढच्या वेळी पडताना तीच पोटात किंवा मांडीत घुसते. शर्यतीत म्हणूनच टोकं बुजवलेली असणं सक्तीचं आहे. रबराचा बूच मिळतो, तो ठोकायचा. टोक फाटलेली ग्रिप बाकी कितीही नवी दिसली तरी बदलायची.

आणि गोंद पूर्ण धरायला पाकिटावर लिहिलेला वेळ द्यावा लागतो. बहुतेकांना रात्रभर, काहींना पूर्ण दिवस, पावसाळ्यात त्याहून थोडा जास्तच. रविवारी पहाटे फणसाडच्या बाजूला निघायचं असेल तर शनिवारी रात्री दहाला ग्रिप बदलायला बसू नका. आणि तिकडे गेलात तर डांबरी रस्ता सोडू नका. ते अभयारण्य आहे.