अभिजात मराठीची गाथा आणि नागपूरचा कवी

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय ३ ऑक्टोबर २०२४ रोजी झाला आणि तेव्हापासून व्यासपीठाव्यासपीठावर ‘गाथासप्तशती’चं नाव ऐकू येतंय. या दर्जासाठी नेमलेल्या रंगनाथ पठारे समितीनेही भाषेच्या प्राचीनतेसाठी तिचा आधार घेतला होता. पुरावा म्हणून तिचं काम झालं. आता ती कविता म्हणून वाचायला हवी.

हा मुळात निवडक कवितांचा संग्रह. कोटभर गाथांतून सातशे वेचल्या, असं ग्रंथातच म्हटलं आहे. वेचणारा हाल हा सातवाहन राजा मानला जातो. पण या महाराष्ट्री प्राकृत गाथांत दरबार औषधालाच सापडतो. भेटतात ती गावची माणसं: पाटलाची लेक, नांगरधारी, परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी बायको. रेवा, अनुलक्ष्मी, माधवी या कवयित्रींची नावंही परंपरेने जपली आहेत.

एका गाथेत पाणपोईवरची तरुणी तहानेल्या वाटसरूला पाणी घालते. तिच्याकडे बघता यावं म्हणून तो ओंजळीची बोटं फाकवतो, पाणी गळू देतो. तीही धार बारीक करते. दुसऱ्या गाथेत कपाशीच्या वावरात नांगरणीचा मुहूर्त आहे. नांगराची पूजा करताना एका बाईचा हात थरथरतो, कारण पऱ्हाटी वाढली की प्रियकराला भेटायला आडोसा होणार! वैदर्भी वाचकाला यावर टीप लागत नाही. न बोललेलं असं नेमकं पोचवण्याची ही ताकद ओळखूनच आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त प्राकृत गाथांची उदाहरणं दिली.

अभ्यासकासाठी स. आ. जोगळेकरांची १९५६ची, दीर्घ प्रस्तावनेची आवृत्ती आहे. रसिकाने मात्र राजा बढे यांची ‘शेफालिका’ उघडावी. नागपुरात १९१२ साली जन्मलेल्या बढ्यांचं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ २०२३ मध्ये राज्यगीत झालं. त्याच कवीने ‘शेफालिके’त या गाथा मराठी पद्यात आणल्या, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. दोन ओळींत अख्खा प्रसंग उभा करायचा, तर भावगीतकाराचाच हात हवा, असं माझं ठाम मत आहे.

विदर्भ साहित्य संघाने, इथल्या महाविद्यालयांनी येत्या २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, भाषणं थोडी कमी करून ‘शेफालिके’तल्या दहा गाथा मुलांकडून वाचून घ्याव्यात. राज्यगीताच्या कवीचं ते ऋण नागपूरने फेडायलाच हवं.