निरोप आणि निरोप्या (भाग ९) : तीन रविवार

धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, व्हॉट्सअ‍ॅप गटांवर लिहीन असं मागच्या खेपेला कबूल केलं होतं. ते आज होणार नाही. मध्येच एक पत्र आलं आणि माझा घोडा भलत्याच वाटेला लागला.

पत्र लिहिणाऱ्या बाई वसईच्याच. मुलाचं लग्न जानेवारीत आहे. पत्रिका घरोघरी वाटून झाल्या, साखरपुड्याचे फोटो अर्ध्या तालुक्याने पाहिले, हॉलवाल्यापासून बँडवाल्यापर्यंत सगळ्यांना तारीख पाठ आहे. तरी फादर सलग तीन रविवार मिस्सेच्या शेवटी मुलाचं आणि सुनेचं नाव वाचून दाखवणार. ‘एवढं जगजाहीर असताना हा वेळ कशाला घालवायचा? तुम्हीच तर सूचना कमी करा म्हणता!’ असा त्यांचा सवाल. इंग्रजी मिस्सेला जाणारे याला ‘बॅन्स’ म्हणतात. मी पुकारा म्हणतो.

सूचना कमी करा, हे मी म्हणतोच. भाग ४ मध्ये सहा पानं खर्च केली त्यावर. मिस्सेच्या विधीचे नियम सांगणाऱ्या पुस्तिकेत सूचनांना जागा आहे ती कम्युनियननंतरच्या प्रार्थनेनंतर आणि आशीर्वादाआधी. आणि तिथेही शब्द असे आहेत की सूचना थोडक्यात द्याव्या, त्याही गरज असेल तर. आमच्या धर्मग्रामात त्या वेळेला व्हरांड्यात उभी असलेली मंडळी हळूच स्कूटरकडे सरकतात. वेदीवर फादरांच्या हातात पाच वेगवेगळ्या हस्ताक्षरांतल्या चिठ्ठ्या असतात. त्यातली एक नेहमी पेन्सिलीने लिहिलेली, आणि ती वाचताना फादर चष्मा कपाळावर नेतात. पण त्याच फादरांनी ‘गेटसमोर लावलेली लाल अ‍ॅक्टिव्हा काढावी’ असं म्हटलं की पाचव्या बाकावरचा माणूस ताडकन उठतो. सूचना कोणासाठी, करायचं काय, कधी, हे तिन्ही त्यात आहे म्हणून. बाकीच्या चिठ्ठ्या कोणालाच उद्देशून नसतात, म्हणून कोणी उठतही नाही.

तर पुकारा लाल अ‍ॅक्टिव्हाच्या जातीचा आहे, असं माझं बाईंना उत्तर आहे.

यासाठी थोडं मागे जावं लागेल. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने लग्नाआधी चर्चमध्ये जाहीर पुकारा करण्याची रीत सगळ्या पाश्चिमात्य चर्चला लावून दिली. तरी चोरून लग्नं होतच राहिली. त्या काळी दोघांनी एकमेकांना ‘मी तुला पती म्हणून स्वीकारते, पत्नी म्हणून स्वीकारतो’ म्हटलं की लग्न लागलं. ना साक्षीदार लागायचा, ना पाद्री. निषिद्ध होतं, पण वैध होतं. मग एखादा गडी पहिलीला वाऱ्यावर सोडून दुसरीशी वाजतगाजत बोहल्यावर चढायचा, आणि पहिलीकडे पुरावा काय? काही नाही. हेच दुखणं ट्रेंटच्या परिषदेपुढे आलं. 11 नोव्हेंबर 1563 रोजी परिषदेने ठराव केला : वधूवरांच्या धर्मग्रामातल्या पाद्रीने लागोपाठच्या तीन सणवारी मिस्सेच्या वेळी नावं जाहीर करावीत, आणि लग्न धर्मग्रामाच्या पाद्रीसमोर, किंवा त्याने वा बिशपांनी परवानगी दिलेल्या दुसऱ्या पाद्रीसमोर, दोन-तीन साक्षीदारांदेखत लागलं नाही तर ते लग्नच नव्हे. कुणी खोडसाळपणे मोडता घालेल अशी शंका असेल तर एकाच पुकाऱ्यावर भागवण्याची सोयही ठेवली. परिषदेला माणसं ठाऊक होती.

आता मला ज्या तपशिलाचं वेड लागलं आहे तो. ठराव लागू कधी होणार? परिषदेने तारीख दिली नाही. म्हटलं, ज्या त्या धर्मग्रामात तो पहिल्यांदा वाचून दाखवल्यापासून तीस दिवसांनी. शिवाय पहिल्या वर्षात जमेल तितक्या वेळा पुन्हा वाचावा. म्हणजे ट्रेंटहून निघालेला कायदा एखाद्या खेड्यातल्या फादरांच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत त्या खेड्यापुरता कायदाच नव्हता! निरोप पोचल्यावरच हुकूम जन्माला येतो, असा हिशेब. जिथे वाचलाच गेला नाही तिथे, उदाहरणार्थ इंग्लंडात, चोरून केलेलं लग्न चर्चच्या लेखी पुढची तीनशेहून जास्त वर्षं वैधच राहिलं. एका देशात नवराबायको, दुसऱ्यात नाही. तो घोळ निस्तरला 1907 च्या नव्या आदेशाने. तो 19 एप्रिल 1908 ला, ईस्टरच्या दिवशी, जवळजवळ सगळीकडे लागू झाला. तिथून पुढे कोणी वाचो न वाचो, कायदा तो कायदा. सोय झाली खरी. पण ऐकणाऱ्याच्या कानावर पडल्याशिवाय माझं बोलणं पुरं झालं नाही, असं कायद्यानेच मानण्याचे दिवसही तिथे संपले, याची मला हळहळ वाटते.

आणखी एक. त्या काळात मिस्सा लॅटिनमध्ये. गावातल्या आजीला त्यातलं किती कळायचं ते देव जाणे. प्रवचन आणि सूचना मात्र तिच्या भाषेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर 1963 मध्ये लोकभाषेचं दार उघडलं, तोवर बाकांवरच्या माणसांना शब्दन्‌शब्द कळायचं ते एवढंच. मला वाटतं, सूचना लांबवायची खोड तिथूनच आली असावी. फादर लोकांशी लोकांच्या बोलीत बोलू शकत ती हीच घटका, मग ते आटोपतं का घेतील?

पण पुकाऱ्याचं मर्म त्याला उत्तर लागतं यात आहे. लग्नात काही अडसर ठाऊक असेल तर तो लग्नाआधी धर्मगुरूंना किंवा बिशपांना कळवणं हे सर्व श्रद्धावंतांचं कर्तव्य, असं 1983 च्या धर्मसंहितेचं 1069 वं कलम सांगतं. त्याच्याच जरा आधीचं, 1067 वं, पुकारा करायचा की चौकशीची दुसरी रीत ठेवायची हे त्या त्या देशाच्या बिशप परिषदेवर सोपवतं. म्हणजे तीनदाच वाचा अशी जगभरची सक्ती आता उरलेली नाही. नावं नुसती नोटीस बोर्डावर लावली तरी तो काही अधर्म नव्हे. पण बोर्ड कोण वाचतं ते मी पाहिलं आहे. आमच्या बोर्डावर मेपर्यंत नाताळच्या गोठा स्पर्धेचा निकाल होता.

तीन रविवार का, तर एक रविवार कोणीतरी चुकवतंच. शिवाय आपल्याकडे नावांची गंमत. परेरा, लोपीस, डाबरे, रॉड्रिग्ज : एकाच गावात एकाच नावाआडनावाचे चार जण सहज निघतात. त्यामुळे पुकाऱ्यात बापाचं नाव, आईचं नाव, गाव, आळी, सगळं यावं लागतं. अडसर घेऊन आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण पुकाऱ्यानंतर सॅक्रिस्टीच्या, म्हणजे फादरांच्या तयारीच्या खोलीच्या, दारात एखादी मावशी उभी असतेच : ‘फादर, आईचं नाव चुकलं. ती धाकटी. मोठीला मूलच नाही.’ वर्षभरातल्या शेकडो सूचनांपैकी कितींवर अशी मावशी येते? वार्षिक हिशेबावर तर कधीच येत नाही. खरं तर भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा, हे 1287 व्या कलमात आहे. आपण तो देतो कसा? शेवटच्या चिठ्ठीत, भरभर, आकडे लाखांत. मग ‘कोणाला प्रश्न?’ हे विचारण्याआधीच अंतिम गीत सुरू.

धर्मग्राम मंडळात सूचना लिहायचं काम माझ्याकडे होतं तेव्हा मी प्रत्येक चिठ्ठी आणणाऱ्याला विचारायचो, यावर लोकांनी काय करायचं? ‘त्यांना माहीत असावं’ असं उत्तर आलं की चिठ्ठी बोर्डावर. दोन महिन्यांत मी पुष्कळ शत्रू केले. पण सूचना आठावरून तिनावर आल्या.

माझी स्वतःची फजितीही सांगून टाकतो, नाहीतर ओळखीचे सांगतील. धर्मशिक्षणाच्या मुलांच्या पालकांची सभा होती. मी लिहिलं : ‘येत्या रविवारी सकाळी साडेनऊला सभागृहात.’ रविवारच्या दोन्ही मिस्सांना ठीक वाचलं गेलं. पण तीच चिठ्ठी आदल्या शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेलाही वाचली होती. ती मिस्सा रविवारचीच धरतात, हे मला लिहिताना आठवलंच नाही. शनिवारवाल्यांचा ‘येता रविवार’ म्हणजे दुसरा दिवस. त्या सकाळी अकरा पालक कुलूप लावलेल्या सभागृहासमोर उभे. एक जण रात्रपाळी करून थेट विरारहून आलेले. पुढच्या रविवारी खऱ्या सभेला त्या अकरांतले चारच आले. तेव्हापासून वार आणि तारीख दोन्ही लिहिल्याशिवाय मी कोणाला जेवायलाही बोलावत नाही.

 

तेव्हा बाई, तीनही रविवार नावं वाचू द्या. फक्त फादरांना द्यायच्या कागदावर सुनेच्या आळीचं नाव नीट, मोठ्या अक्षरात, शाईने लिहा. आणि शनिवारच्या मिस्सेलाही वाचणार आहेत का, ते आधी विचारून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप पुढच्या खेपेला नक्की. निदान आज तरी तसं वाटतंय.