पाळण्यावरच्या खाणाखुणा

मराठी घरात एखाद्या मुलाने वडीलधाऱ्यांसमोर मूठ मिटून अंगठा वर केला, तर पूर्वी त्याच्या पाठीत धपाटा बसावयाचा. ठेंगा दाखविणे म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला समजावून द्यावे लागत नाही. मागितले ते मिळणार नाही, दिलेला शब्द पाळला जाणार नाही, हे सारे त्या एका अंगठ्यात येते. करमणुकीच्या उद्यानातील फलाटावर मात्र हाच अंगठा दिवसभर वर होत असतो, आणि तेथे त्याचा अर्थ अगदी उलट असतो. 'माझ्या बाजूची माणसे मी पाहिली आहेत. त्यांचे दांडे नीट बसले आहेत. गाडी सोडावयास माझी हरकत नाही,' एवढे मोठे वाक्य तो बोलत असतो.

बेंगळुरूहून म्हैसूरच्या रस्त्याने सुमारे २८ किलोमीटर गेले की बिडदीजवळ वंडरला नावाचे उद्यान लागते. कोची येथे २००० साली असे एक उद्यान उघडणाऱ्या मंडळींनीच ते २००५ साली सुरू केले. बेंगळुरू हे बहुभाषी शहर. तेथल्या रांगेत कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, हिंदी आणि हुबळी-बेळगावकडून आलेली आपली मराठीही कानांवर पडते. पण रांगेतून एकदा फलाटावर पोचलो की सर्वच भाषा निरुपयोगी होतात. गाडी चढावर ओढणाऱ्या साखळीचा खडखडाट, कर्ण्यावरची गाणी, आणि वर गेलेल्या उत्साही मंडळींच्या किंकाळ्या! वीस पावलांवर उभ्या असलेल्या माणसाला ओरडून 'थांब' म्हटले, तर 'सोड' असे ऐकू येण्याची भीती. म्हणून तेथील कामकरी हातांनी बोलतात.

या बोलीचे जगभर मान्य झालेले एकच व्याकरण नाही. प्रत्येक उद्यान आपल्या खुणा ठरविते आणि नव्या माणसाकडून त्या घोटून घेते. तरीही काही खुणा बहुतेक ठिकाणी सारख्या आढळतात. रांगेच्या तोंडाशी उभा असलेला माणूस दोन किंवा चार बोटे दाखवितो, तेव्हा 'तुम्ही बरोबर किती जण आहात?' असे तो विचारीत असतो. उभा, उघडा तळहात समोर आला की जागच्या जागी थांबावयाचे. दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यांची फुली केली, तर तो सर्वांत मोठा निषेध. आणि अंगठ्याचे तर सांगितलेच आहे.

अंगठ्याचा क्रम पाहण्यासारखा असतो. गाडीच्या दोन्ही अंगांनी मदतनीस चालत जातात. प्रत्येक आसनाशी थांबून मांडीवरचा दांडा किंवा खांद्यांवरून येणारे जोखड ते हाताने ओढून पाहतात. मग पिवळ्या रेघेच्या मागे सरतात आणि बटणांच्या फलकाशी बसलेल्या चालकाच्या डोळ्याला डोळा देऊन अंगठा वर करतात. चालकाने एकाकडे पाहावयाचे, मग दुसऱ्याकडे, आणि सर्वांचे अंगठे दिसल्यावरच गाडी सोडावयाची. तीन अंगठे वर आणि चौथ्याचा पत्ता नाही, तर गाडी हलत नाही. कित्येक नव्या यंत्रांत मदतनिसांनीही आपापले बटण दाबून धरल्याशिवाय चालकाच्या बटणाला अर्थच नसतो. तरीही हाताची खूण राहिली आहे. मला त्याचे एक साधे कारण दिसते. हवेत उंचावलेला हात यंत्रात अडकलेला नाही, हे पाहणाऱ्याला त्याच क्षणी कळते.

मान डोलावण्यावर मात्र कोणी विसंबत नाही, आणि ते शहाणपणाचेच आहे. आपल्या दक्षिणेकडची होकाराची मान अशी काही डोलते की परक्याला तो नकार वाटावा, आणि कधी कधी आपल्यालाही!

या खुणा कोठून आल्या, याचा विचार करताना दोन जुने धंदे डोळ्यांपुढे येतात. पहिला आगगाडीचा. रुळांवरून घसरणारी करमणुकीची गाडी हे आगगाडीचेच खोडकर भावंड आहे. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर लामार्कस टॉमसन याने १८८४ साली जी घसरगाडी सुरू केली, तिला तो रेल्वेच म्हणत असे. रुळांचे टप्पे पाडावयाचे आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी जाऊ द्यावयाची, हा नियमही आगगाडीकडूनच आला. आपल्या रेल्वेच्या नियमांत, हाती निशाण नसेल तर दोन्ही हात डोक्यावर उभे धरणे म्हणजे धोका, एक हात स्थिर धरणे म्हणजे चला, आणि तोच हात वर-खाली हलविणे म्हणजे जपून चला.

दुसरा धंदा विमानांचा. बेंगळुरू तर विमानांचेच गाव. १९४० साली तेथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखाना निघाला, आणि १९९६ पासून येलहंका येथे विमानांचे मोठे प्रदर्शन भरत आले आहे. धावपट्टीवरून आलेल्या विमानाला जागेवर आणणारा माणूस डोक्यावर हातांची फुली करतो, तेव्हा वैमानिकाने थांबावयाचे असते. आणि 'सर्व ठीक' हे सांगावयाला तोही अंगठाच वर करतो. उद्यानातील फुली थेट तेथूनच आली असे मी म्हणणार नाही. पण जेथे गोंगाट फार आणि चूक महाग, तेथे माणसाचे हात बहुधा सारख्याच आकृत्या काढतात.

आपल्या जत्रांतला आकाशपाळणा मात्र या दोन्ही धंद्यांचा शिष्य नव्हे. शिकागोच्या प्रदर्शनात फेरिसने १८९३ साली प्रचंड चक्र उभे केले; त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसे मावत. जत्रेतल्या पाळण्याचे त्याच्यापुढे काय! पण वजनाचा नियम दोघांनाही एकच. एका बाजूचेच डबे भरले तर चक्र त्या अंगाला ओढ घेते; म्हणून खालचा डबा भरला की समोरच्या बाजूचा भरावयाचा. इंजिनाशी बसलेल्याला डबा नेमका कोठे आला ते दिसत नाही. डब्याशी उभा असलेला गडी हात फिरवितो तेव्हा चाक सरकते. त्याने पंजा उघडला की ते थांबते. हे कोणत्याही पुस्तकात न शिकता पोरे बापाकडून उचलतात.

आता मुख्य गोष्ट. या बोलीत 'चला' आणि 'थांबा' यांची किंमत सारखी नाही. 'चला' म्हणावयाला सर्वांची संमती लागते. 'थांबा' म्हणावयाला एकजण पुरतो, मग तो कालच कामाला लागलेला पोरगा का असेना. बांधकामावरच्या यारीचाही हाच कायदा आहे. यारीवाला नेमलेल्या एकाच माणसाच्या खुणा मानतो, पण थांबण्याची खूण कोणीही केली तरी त्याला थांबावेच लागते. शिवाय खूण न दिसणे म्हणजे नकारच समजावयाचा. आपल्या व्यवहारात मौनाला संमती मानतात. येथे ते चालत नाही.

एवढी कडक शिस्त कशासाठी, हे घसरगाडीचे यंत्र पाहिले म्हणजे उमगते. आकाशपाळणा मध्येच थांबविता येतो. घसरगाडी एकदा शिखरावरून सुटली की पुढच्या गतिरोधकापर्यंत ती कोणाची नसते. तिला पृथ्वी ओढून नेत असते. वंडरलातील रिकॉइल नावाची गाडी तर आधी उलटी वर ओढली जाते, आणि सुटल्यावर जेथून निघाली त्याच फलाटामधून न थांबता वेगाने निघून जाते. त्या वेळी कोणी पिवळ्या रेघेच्या पुढे असेल तर फुली करून उपयोग नाही. चालकाच्या हाती असलेला शेवटचा क्षण अंगठ्याचाच.

आणि नेमका येथेच धोका आहे. दिवसातून शेकडो वेळा वर जाणारा अंगठा डोळ्यांची वाट न पाहता आपोआप वर जाऊ लागतो. दांडा ओढून पाहिला की नुसता हात लावला, हे संध्याकाळी पाच वाजता थकलेल्या माणसाला स्वतःलाही सांगता येत नाही. जपानी रेल्वेतले कर्मचारी याच कारणासाठी प्रत्येक सिग्नलाकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात. पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. पण बोट, डोळा आणि जीभ एकाच वस्तूवर आणली की चुका पुष्कळ कमी होतात, असे तेथील प्रयोगांत दिसून आले आहे. चांगला मदतनीस प्रत्येक दांड्याशी क्षणभर थांबतो आणि माणसे जागेवर अदलाबदलीने उभी करतात, ती याचसाठी. रांगेतल्या लोकांना हा उशीर खपत नाही. 'चला हो लवकर' म्हणून ओरडणाऱ्यांत मीही एकदा होतो.

प्रवाशांनाही या बोलीत एक वाक्य यावयास हवे. गाडी सुटली की हौसेने सगळेच दोन्ही हात वर करतात. आगगाडीच्या नियमाप्रमाणे पाहिले तर ती सारी गाडी 'धोका, धोका' म्हणून ओरडत असते! त्यामुळे वर गेलेल्या हातांकडे चालक फारसे लक्ष देऊ शकत नाही. ज्याला भीती वाटत असेल, किंवा ज्याच्या मुलाचा दांडा सैल वाटत असेल, त्याने मदतनीस जवळ असतानाच, त्याचा अंगठा वर जाण्यापूर्वी, त्याच्याकडे पाहून हाताने 'नाही' म्हणावे. भाषा येत नसली तरी चालेल. तो दांडा उघडील, बाहेर पडण्याची वाट दाखवील, आणि त्यानंतरच चालकाकडे वळून आपला अंगठा वर करील.