वाईट सालाची घरची बेगमी

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, ही म्हण आपल्याकडे लहान मुलासही पाठ असते. पण पीक चांगलें आलें व हातांत चार पैसे खेळूं लागले म्हणजे तिचा विसर सर्वांच्या आधीं पडतो तो शेतकऱ्यासच. वास्तविक वाईट सालाची तयारी चांगल्या सालींच होऊं शकते. वाईट साल उगवल्यावर जें होतें ती तयारी नव्हे, धांवपळ होय. म्हणून ज्यांच्या कोठारांत यंदा कांहीं शिल्लक आहे अशा शेतकरी बंधूंपुढें या विषयाचे चार व्यवहारी विचार मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें बहुतेक आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. टंचाईचे अर्ज, पंचनामे, गुरांच्या छावण्यांच्या याद्या हे कागद वर्षानुवर्षें हातांखालून जात असतां एक गोष्ट आमच्या मनावर ठसली. शेतकऱ्याचें घर उपासानें क्वचितच मोडतें. तें मोडतें अवेळीं कराव्या लागलेल्या विक्रीनें. चैत्रांत वैरण संपते, वैशाखांत बैल बाजाराची वाट धरतात, मृगाच्या तोंडावर बियाण्यासाठीं कर्ज होतें, आणि दोन-तीन वर्षांनीं ओढ्याकांठचा तुकडा दुसऱ्याच्या नांवें चढतो. या सांखळीची पहिली कडी धान्य नसून वैरण आहे. यास्तव बेगमी करतांना "खाण्यास काय ठेवावें?" हा प्रश्न दुसरा, "काय संपलें असतां आपणांस विकावें लागेल?" हा पहिला.

पूर्वी असें नव्हतें. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत दख्खनमध्यें माणसेंच अन्नावांचून मेलीं. परंतु १९७२ च्या दुष्काळांत सरकारनें पाझर तलाव, नालाबांध, रस्ते व खडी फोडणें अशीं कामें काढलीं. मे १९७३ मध्यें त्यांवर सुमारें ४९ लाख मजूर होते. परदेशची लाल ज्वारी, जिला लोक मिलो म्हणत, आणि सुकडी खाऊन का होईना, माणसें जगलीं. पुढें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबांस दरमहा माणशीं ५ किलो धान्य मिळूं लागलें. म्हणजे माणसाच्या पोटास थोडाबहुत आधार उभा राहिला आहे. बैलाच्या दावणीस व बियाण्याच्या कणगीस तसा आधार नाहीं. छावणी उघडते, पण ती टंचाई जाहीर होऊन, मंजुरी येऊन मग. तोंवरचे दोन-तीन महिने ज्याचे त्यानेंच काढावयाचे असतात, आणि विक्री होते ती याच महिन्यांत.

२०१२-१३ च्या टंचाईंत सातारा, सोलापूर, बीड या जिल्ह्यांतून गुरांच्या छावण्या निघाल्या होत्या. त्या वेळीं दोन सख्ख्या भावांचीं घरें आमच्या पाहण्यांत आलीं. जमीन सारखी वांटलेली, विहीर सामाईक, माणसें जवळजवळ तितकींच. थोरल्यानें आदल्या वर्षाचा कडबा भाव चांगला म्हणून विकून टाकला होता. धाकट्यानें एक गंजी राखली होती. छावणी निघण्यापूर्वीच थोरल्याचे बैल निम्म्याहून कमी किंमतीस गेले. धाकट्याचे बैल दावणीस राहिले. पुढील सालीं पाऊस वेळेवर झाला तेव्हां धाकट्यानें आपलें रान पेरलें व भाड्यानें भावाचेंही पेरलें. पण तोंवर वाफसा निघून गेला होता. कडब्याच्या विक्रींत थोरल्यास जें मिळालें होतें तें बैलांच्या तोट्याच्या पासंगासही पुरलें नाहीं.

वैरण

मोठ्या बैलास दिवसाला सुमारें ८ किलो सुकी वैरण लागते. जोडीस १६ किलो. चार महिन्यांस, म्हणजे १२० दिवसांस, १,९२० किलो, अर्थात् जवळजवळ २० क्विंटल. कोणत्याही घरानें दर जोडीमागें एवढी वैरण नवी वैरण गंजीस लागेपर्यंत मोडूं नये. नवी आली म्हणजे जुनी खाण्यास काढावी व नवी राखावी. असें केल्यानें राखीव वैरण कुजतही नाहीं व संपतही नाहीं. पेंढीचें माप गांवोगांव वेगळें असतें. म्हणून दहा पेंढ्या कांट्यावर तोलून आपल्या पेंढीचें वजन ठरवावें व मग शेंकड्याचा हिशेब करावा. पेंढी २ किलोंची भरली तर हजार पेंढ्या एका जोडीची चार महिन्यांची बेगमी होय. बैलांऐवजीं ट्रॅक्टर बाळगणाऱ्यांनीं हाच हिशेब दुभत्या जनावरांस लावावा. गाईस दूध व अंगमान यांप्रमाणें अधिक लागेल.

गंजी दगडांच्या किंवा लाकडांच्या ओट्यावर, घरापासून व चुलीपासून दूर रचावी. शक्य तर एकीच्या दोन कराव्या, म्हणजे आग लागली तरी सर्व जाणार नाहीं. अखंड ताट घातल्यास जनावर बरेंच तुडवून वाया घालवितें. कुट्टी करून घातल्यास तीच वैरण अधिक दिवस पुरते. बुरशी आलेला कडबा घालूं नये. तसेंच पावसानें ताण दिल्यामुळें खुरटलेली कोवळी ज्वारी गुरांस चारूं नये; तींत विष असतें व भुकेलें जनावर तीवर पडल्यास तासाभरांतही दगावतें.

बियाणें

बियाणें हें धान्य नव्हे, असें घरांतील लहानथोरांस बजावून ठेवावें; त्याची कणगी वेगळी, तिचें तोंड वेगळें. रब्बी ज्वारीस एकरीं ४ किलो, तुरीस ५ किलो, सोयाबीनास ३० किलो बीं लागतें. पाऊस दगा देऊन दुबार पेरणीची पाळी येते, म्हणून लागतें त्याच्या दुप्पट ठेवावें. पांच एकर रब्बी ज्वारी पेरणाऱ्यानें ४० किलो ठेवलें म्हणजे झालें. यास एक लहान कोठी पुरते. मालदांडीसारख्या सरळ वाणाचेंच बीं घरचें धरावें; संकरित बाजरी, संकरित कापूस यांचें घरचें बीं पेरल्यास पीक एकसारखें येत नाहीं व उतार पडतो.

पेरणीपूर्वी पंधरा दिवस उगवण पाहावी. ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीनें मांडून गुंडाळी करावी, ती सावलींत ओलसर ठेवावी व सातव्या दिवशीं मोजावी. ज्वारी व तूर यांचे ७५, सोयाबीनाचे ७० दाणे उगवले तर बीं चांगलें समजावें. थोडे कमी उगवले तर त्या मानानें बीं वाढवावें. फारच कमी उगवले तर तें बाजूस सारून वेळींच दुसरें मिळवावें. सोयाबीनाचें साल पातळ असल्यामुळें पोतीं आपटूं नयेत व फार उंच थप्पी लावूं नये.

पाणी

पाण्याचा हिशेब मांडला म्हणजे पुष्कळांस आश्चर्य वाटतें. पिणें व स्वयंपाक यांस माणशीं ८ लिटर धरलें तर पांच माणसांस दिवसाला ४० लिटर पुरतात. पण उन्हाळ्यांत एका बैलासच तेवढे लागतात. म्हणजे माणसांची सोय घरीं होऊं शकते, गुरांची विहिरीवांचून होत नाहीं. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. शहरास आगगाडी मिळाली. वाडीवस्तीवरील गोठ्यास ती कोण आणील?

माणसांसाठीं छपराचें पाणी धरावें. ५०० चौरस फूट पत्र्यावर ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर गळती वजा जाऊन सुमारें १८ हजार लिटर पाणी मिळतें. निम्माच पाऊस झाला तरी ९ हजार. चार महिन्यांच्या पिण्यास ५ हजार लिटरची टाकी पुरे. पहिल्या दोन सरींचें पाणी सोडून द्यावें, पन्हळीच्या तोंडास जाळी लावावी, टाकीस उजेड लागूं देऊं नये व झांकण घट्ट ठेवावें. गुरांसाठीं मात्र, ज्याच्या विहिरीस उन्हाळ्यांत पाणी टिकतें अशा शेजाऱ्याशीं चांगल्या सालींच बोलणें करून ठेवावें. विहिरीचा गाळ काढण्यास आपण चार दिवस गेलों असलों तर अडीच्या वेळीं तोंड वेंगाडावें लागत नाहीं.

धान्य

पांच मोठ्या माणसांस दिवसाला सुमारें २ किलो धान्य, म्हणजे वर्षास साडेसात क्विंटल, आणि डाळ सुमारें ९० किलो, एवढी बेगमी पुरेशी होय. २४ मार्च २०२० च्या रात्रीं देशभर टाळेबंदी जाहीर झाली व बाजार बंद पडले, तेव्हां ज्या घरीं वर्षाचें धान्य होतें त्यांस निदान पोटाची काळजी पडली नाहीं, हें सर्वांनीं पाहिलें आहे.

धान्य कडक उन्हांत वाळवावें. दांताखालीं दाणा कट् असा वाजून फुटला म्हणजे वाळला. मग निवूं द्यावें, गरम भरूं नये. कोठी भिंतीपासून हातभर दूर व ओट्यावर असावी. कडुलिंबाचा सुका पाला धान्यांत घालावा, डाळीस एरंडेलाचा हात द्यावा. किडीसाठीं ज्या विषारी गोळ्या मिळतात त्यांचा वायु प्राणघातक आहे. राहत्या घरांत, विशेषतः निजण्याच्या खोलींत, त्या कदापि वापरूं नयेत.

पेवाची चाल आतां मागें पडली आहे. तथापि जेथें ती आहे तेथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पेव उघडल्याबरोबर आंत उतरूं नये. कोंडलेल्या हवेनें माणूस गुदमरून मरतो. तोंड बराच वेळ उघडें ठेवून दिवा आंत सोडावा. तो विझला तर माणसानें उतरूं नये. दुसरें, नदीकांठीं पुराचें भय असतें. सांगलीजवळील हरिपूर येथील हळदीचीं पेवें प्रसिद्ध आहेत. २००५ च्या महापुरांत तेथें पाणी शिरून फार नुकसान झालें.

कागदपत्र

शेवटीं आमच्या धंद्यांतील गोष्ट. मदत येते ती कागदाच्या वाटेनें येते, आणि वाट अडते ती बहुधा वारसाच्या नोंदीपाशीं. वडील वारून आठ-दहा वर्षें झालीं, सातबारा अद्याप त्यांच्याच नांवावर, अशीं घरें दर गांवीं निघतात. पंचनामा होतो, नांव यादींत येतें, पण पैसे जमा होत नाहींत. कारण खातेदार हयात नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणें वारसानें आपल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आंत द्यावयाची असते. ती द्यावी, व फेरफार मंजूर होऊन सातबारावर नांव लागेपर्यंत पाठ सोडूं नये. भावांतील वाद आधीं मिटवूं, मग नोंद करूं, असें म्हणून थांबूं नये. वारस म्हणून नोंद झाल्यानें कोणाचा हिस्सा बुडत नाहीं.

दर हंगामांत पीकपाहणी झाली कीं नाहीं तें स्वतः पाहावें. २०२१ पासून ती मोबाइलवरून शेतकऱ्यानेंच नोंदविण्याची सोय झाली आहे. रानांत सोयाबीन व कागदावर पडीक असें असल्यास नुकसानीची मदत मागावी कशी? विहिरीची नोंद, बँकेचें पुस्तक आधाराशीं जोडलेलें आहे कीं नाहीं, विम्याची पावती, गुरांच्या कानांतील बिल्ल्याचे आंकडे, हें सर्व एका वहींत उतरून ठेवावें. मूळ कागद मेणकापडांत गुंडाळून उंच जागीं ठेवावे व ते कोठें आहेत तें घरांतील बायकांसही ठाऊक असावें. सप्टेंबर २०२५ मध्यें धाराशीव, बीड, सोलापूर या जिल्ह्यांत नद्यांना पूर येऊन पिकें, गुरें, कित्येक ठिकाणीं शेतांतली मातीही वाहून गेली. नेहमीं पाण्यासाठीं झुरणारा मुलूखच पाण्यानें बुडाला. वाईट साल कोरडेंच येईल असा नेम राहिलेला नाहीं.

कोणी म्हणतील, एवढें सारें राखून ठेवण्यास भांडवल कोठून आणावें? यास आमचें उत्तर असें कीं, सर्व एका सालांत करण्याचें कारण नाहीं. पहिल्या सालीं एक गंजी व बियाण्याची कोठी राखावी आणि वारसाची नोंद करून घ्यावी. यांस रोकड जवळजवळ लागत नाहीं, विकण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. दुसऱ्या सालीं धान्याची कोठी, तिसऱ्या सालीं टाकी. दर पाडव्यास घरच्या मंडळींनीं एकत्र बसून वैरण, बीं, धान्य व कागद यांची मोजदाद करावी व ती वहींत लिहावी. बाजारांत कडब्यास भाव येईल, शेजारी गंज्या विकतील व राखणाऱ्यास हंसतीलही. त्यांस हंसूं द्यावें. दावणीस बैल आणि सातबारावर आपलें नांव, हीं दोन्हीं वाईट सालाच्या अखेरीस कायम असलीं म्हणजे शेतकऱ्यानें तें साल जिंकलें. वाचकांनीं येत्या पाडव्यापासून या मोजदादीस आरंभ करावा, अशी आमची विनंति आहे.