तब्येत ज्याची त्याची, पण वेळ कुणाची?

तब्येत ज्याने त्याने सांभाळावी, हे सांगणाऱ्यांचा हल्ली सुकाळ झाला आहे. विम्याचा एजंट सांगतो, घोडबंदर रोडवरच्या चकचकीत जिमचा फलक सांगतो, मोबाईलमधला गुरू तर रोज सकाळी न विचारता सांगतो की, माणूस आजारी पडतो तो आळसाने. मनात आणले तर पहाटे पाचला उठून धावता येते. हे अगदीच खोटे नाही. पण अर्धेच खरे आहे, आणि राहिलेले अर्धे रोज सकाळी कल्याण-डोंबिवलीच्या फलाटावर गर्दीत उभे असते.

हिशेब करून पाहू. कल्याण ते सीएसएमटी अंतर ५० किलोमीटरहून जास्त. कोळसेवाडीतून निघून स्टेशन गाठायचे, लोकल मिळवायची, उतरल्यावर पुन्हा बस नाही तर पायपीट. जायला २ तास, यायला २ तास, मध्ये जेवणाच्या सुट्टीसह ९ तास नोकरी. झाले १३ तास. सिक्युरिटी गार्डची ड्युटी १२ तासांची असेल, तर त्याचा हिशेब १६ वर जातो. उरलेल्या वेळात आंघोळ, जेवण, मुलांचा अभ्यास, पाण्याची पाळी आणि झोप. या माणसाला ‘तुझ्यात इच्छाशक्ती नाही’ असे म्हणणारा एकदा सकाळी ८ वाजता डोंबिवलीला फास्ट लोकलमध्ये चढून दाखवील काय? ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या लोकलच्या दारांतून माणसे खाली पडली, त्यात काहींचा जीव गेला. ती सकाळची वेळ होती. आळशी माणसे त्या वेळी लोकलच्या दारात लटकत नसतात.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडे १९४२ ते १९४६ मजूर खाते होते. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ झाले. पुढे राज्यघटनेच्या ३९ व्या कलमात कामगारांच्या आरोग्याचा आणि ताकदीचा दुरुपयोग होऊ नये, असे आले आणि ४७ व्या कलमात जनतेचे पोषण व आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. म्हणजे तब्येतीची जबाबदारी एकट्या माणसाच्या डोक्यावर मारायची नाही, हे या देशात लेखी ठरलेले आहे. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काय केले? कारखान्यातील दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२, आणि दुकाने-आस्थापनांतील ९ वरून १० करण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा तीच राहील, जादा कामाला जादा मोबदला मिळेल, असे सांगण्यात आले. १२ तास कारखान्यात आणि ४ तास प्रवासात घालवणाऱ्याने त्या मोबदल्यातून जिमची फी भरायची, पण जिमला जायचे केव्हा?

मग सगळा दोष व्यवस्थेवर टाकून आपण मोकळे व्हायचे काय? तसे म्हणणाराही आपला हितचिंतक नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणखी १३ कोटींहून अधिक उंबरठ्यावर आहेत, आणि शंभर प्रौढांतल्या ३५ जणांना रक्तदाब आहे. साखर काही जात विचारून वाढत नाही. पण पाय कापायची वेळ आल्यावर कुणाचे घर कर्जात बुडते, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे.

आपल्याकडे एक उत्तर तयार असते. ‘आमच्या बापजाद्यांनी कुठे व्यायाम केला होता?’ नव्हता केला. त्यांना तो करावा लागला नाही. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. गाडी तीच, रस्ता तोच. आपल्या घरांतही असेच झाले आहे. बाप मोहन्याच्या एनआरसीत, ठाण्याच्या रेमंडमध्ये किंवा वागळे इस्टेटच्या कारखान्यात उभ्याने राबला. एनआरसी आणि रेमंडचा ठाण्याचा कारखाना, दोन्ही २००९ साली बंद पडले. वागळेत आता काचेच्या इमारतीत संगणक आहेत. मुलगा तिथे खुर्चीवर बसतो, नाही तर गेटवर, नाही तर मोटारसायकलवरून पार्सले पोचवतो. पण ताटातला भात बापाइतकाच राहिला, वर स्टेशनबाहेरचा वडापाव, दिवसाचे सहा गोड चहा, आणि २०१२ पासून बंदी असूनही हवा तिथे मिळणारा गुटखा. कष्ट गेले, कष्टकऱ्याचा आहार राहिला. यातला भात, चहा आणि गुटखा तरी कुणी सरकार आपल्या तोंडात घालत नाही.

आपल्या बायांची गोष्ट मात्र वेगळी आहे, ती याच मापाने मोजू नये. पहाटे घरचे आवरून टॉवरमधली चार घरची कामे करणाऱ्या बाईला ‘चालायला जा’ म्हणणे ही थट्टा आहे. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. तिला विश्रांती हवी, लोहाच्या गोळ्या हव्यात, आणि सगळ्यांच्या शेवटी उरलेसुरले खाणे थांबायला हवे. इथे जबाबदारी घरातल्या पुरुषांची आहे.

बरे, ठरवले तरी टिकत नाही, ही तक्रार सगळ्यांची. त्यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असे दिसले. मधला एखादा दिवस चुकला म्हणून काही बिघडले नाही. म्हणजे १ जानेवारीला सुरू करून १० तारखेला सोडणाऱ्याने स्वतःला नालायक ठरवायचे कारण नाही, ११ तारखेला पुन्हा निघावे. आणि एकट्याने निघू नये. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची हकीकत आहे. भरपेट जेवून धापा टाकत तो तथागतांकडे आला. त्यांनी मोजून खाण्याचे महत्त्व सांगणारी गाथा म्हटली. राजाने ती सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावली आणि रोज जेवणाच्या वेळी आपल्यापुढे म्हणायला सांगितले, त्याबद्दल रोजचा मोबदलाही ठरवला. हळूहळू राजाचा आहार आटोक्यात आला. राजालासुद्धा आठवण करून देणारा माणूस ठेवावा लागला! आपल्याला तो शेजारच्या घरात फुकट मिळतो.

चालायचे कुठे, हा प्रश्न उरतो. ठाण्यात उपवन आहे, तलावपाळी आहे, येऊरची वाट आहे. कल्याणला काळा तलाव आहे. पण हे जवळ राहणाऱ्यांचे. कल्याण पूर्वेच्या वस्तीतली माणसे रिक्षांच्या धुरात रस्त्याच्या कडेने चालतात. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २०२० साली रस्ता रसायनाने गुलाबी झाला, मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये तिथल्या कारखान्यांत स्फोट होऊन माणसे मेली. तिथे प्राणायाम शिकवणाऱ्यांनी आधी हवेचे बोलावे. वॉर्डातले मैदान वर्षातले किती दिवस मंडपाखाली असते, हा प्रश्न नगरसेवकाला विचारणे हीसुद्धा तब्येतीचीच बाब आहे.

आणि एक, चळवळीतल्या तरुणांसाठी. जयंतीला १८ तास सलग अभ्यासाचे उपक्रम होतात, ते चांगलेच आहेत. पण ज्यांच्या नावाने आपण १८ तास बसतो, ते पन्नाशीतच मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी बेजार झाले होते आणि वयाच्या ६५ व्या वर्षी गेले. त्यांना उसंत मिळाली नाही, कारण काम अफाट आणि हात थोडे होते. आज हात पुष्कळ आहेत. तेव्हा १८ तासांत दर तासाला पाच मिनिटे उठून विहाराला फेरी मारावी. रक्तदाब मोजायचे यंत्र दोन-अडीच हजारांत येते, डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात कितीतरी येतील. ते विहारात ठेवावे, रविवारी वंदनेनंतर तिशीपुढच्या प्रत्येकाने दंड पुढे करावा, आकडा वहीत लिहावा, आणि १४० च्या वर गेलेल्याला कुणीतरी सोबत घेऊन सोमवारी सरकारी दवाखान्यात जावे.