दिसेल त्याला पगारवाढ

आयटी कंपन्यांचे तिमाही निकाल आले, की नफ्याच्या खालोखाल चर्चा होते ती गळतीची. २०२२च्या एप्रिल-जून तिमाहीत इन्फोसिसची गळती २८.४ टक्क्यांवर गेली होती. त्या मानाने आता सगळं शांत. पण राजीनामे थंडावले म्हणून लोकांनी खिडकीबाहेर बघणं सोडलंय, असं नाही.

हिंजवडीत नोकरी करणारी माझी एक मैत्रीण सकाळी चहाचं आधण ठेवते आणि नोकरीच्या साइटवरच्या आपल्या प्रोफाइलमध्ये एक पूर्णविराम टाकते. दुसऱ्या दिवशी तोच काढते. ताजं प्रोफाइल एचआरवाल्यांना आधी दिसतं म्हणे. स्वतःच्या कंपनीला अर्थातच ब्लॉक केलंय. सोडून जायचंच नाहीये तिला. ‘दुसरं ऑफर लेटर हातात असल्याशिवाय अप्रेझलला कोणी विचारत नाही गं,’ एवढंच तिचं म्हणणं.

या पूर्णविरामाचं अर्थशास्त्र पॉल मिलग्रोम (यांना पुढे नोबेल मिळालं) आणि शॅरन ऑस्टर यांनी १९८७मध्येच मांडलं, लिंक्डइनच्या सोळा वर्षं आधी. मला तो सिद्धांत आवडतो, कारण तो मालकाच्या पोटातलं ओठांवर आणतो. चांगला माणूस बाहेर कोणाला ठाऊक नसेल, तर त्याला झाकून ठेवण्यातच फायदा. बढती म्हणजे दवंडी. उद्या कोणीतरी जास्त पगार देऊन पळवणार. त्यामुळे ज्यांचं नाव बाहेर पोचतच नाही, त्यांचीच बढती अडते.

नवख्यांचं तर विचारूच नका. २०१४च्या एका शोधनिबंधातला प्रयोग बघा: ओडेस्क या ऑनलाइन कामबाजारात ९५२ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून डेटा एंट्री दिली, काहींना कामाचा सविस्तर शेरा सर्वांना दिसेल असा दिला. नवख्यांना त्या शेऱ्याने पुढची कामं आणि कमाई मिळवून दिली.

पण दिसणं दुधारी असतं. अमेरिकेत हायक्यू लॅब्ज ही कंपनी लिंक्डइनवरची उघडी प्रोफाइलं खरवडून मालकांना सांगायची, की तुमचा कोणता माणूस सोडून जाण्याच्या बेतात आहे. उत्पादनाचं नाव ‘कीपर’! लिंक्डइनशी तिचा खटला २०१७पासून २०२२पर्यंत चालला आणि शेवटी तडजोडीत मिटला.

परवा मैत्रिणीला मॅनेजरने कॉफीला बोलावलं. ‘सगळं ठीक आहे ना? काही बदलाचा विचार?’

पगारवाढीचं पत्र अजून आलेलं नाही.