जाळ्यात कोण कोण आहे?

कार्यालयीन नेटवर्कचे कप्पे पाडले की सुरक्षितता वाढते. पण त्याच भिंतींमुळे उपकरणांची मोजदाद अवघड होते. ती आपोआप व्हावी यासाठी काय करावे लागते?

'नासा'साठी काम करणाऱ्या पॅसाडेना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एप्रिल २०१८ मध्ये एक चोरी उघडकीस आली. एका मोहिमेच्या यंत्रणेतून सुमारे ५०० मेगाबाइट माहिती बाहेर गेली होती. २३ फायली पळवल्या गेल्या होत्या आणि त्यांतल्या दोन मंगळ मोहिमेशी संबंधित होत्या. चोरांना वाट मिळाली ती रास्पबेरी पाय या पत्त्याच्या कॅटएवढ्या संगणकातून. हा संगणक परवानगीविना नेटवर्कला जोडलेला होता. हा हल्ला जवळजवळ वर्षभर कुणाच्या लक्षात आला नव्हता.

'नासा'च्या महानिरीक्षकांनी जून २०१९ च्या अहवालात दोन दोषांवर बोट ठेवले. पहिला, उपकरणांची नोंदवही अपुरी होती, कारण नव्या उपकरणाची नोंद हाताने करावी लागे आणि ती राहून जाई. दुसरा, बाहेरच्या भागीदार संस्थांना दिलेल्या प्रवेशमार्गावर पुरेसे कप्पे नव्हते. यावरचे उपाय उघड आहेत: कप्पे पाडावेत आणि नोंद स्वयंचलित करावी. अडचण अशी की हे दोन्ही उपाय सहजासहजी एकत्र नांदत नाहीत.

भिंतीपलीकडे हाक जात नाही

मोठ्या संस्थेत लेखा विभाग, कर्मचाऱ्यांचे संगणक, छायाचित्रण कॅमेरे, पाहुण्यांचे वाय-फाय यांचे स्वतंत्र कप्पे केले जातात. तारा आणि स्विच तेच असतात. व्ही-लॅन या तंत्राने मात्र त्यांचे वेगळे भाग पडतात. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचे तर राऊटर आणि फायरवॉल यांची परवानगी लागते.

उपकरण शोधण्याची सर्वांत विश्वासू पद्धत म्हणजे 'हा पत्ता कुणाचा?' अशी हाक सर्वांना घालणे. १९८२ पासून वापरात असलेल्या 'एआरपी' या शिष्टाचाराचे काम असेच चालते. त्या हाकेला ओ न देणाऱ्या उपकरणाचे इतरांशी बोलणेच होऊ शकत नाही, म्हणून ते सहसा लपून राहत नाही. पण राऊटर ही हाक पुढे नेत नाही. कप्प्याबाहेरून शोधायचे तर 'पिंग'वर विसंबावे लागते आणि विंडोजचा फायरवॉल परक्या कप्प्यातून आलेल्या पिंगला बहुधा उत्तर देत नाही. परिणामी, मुख्यालयातील एकाच सर्व्हरवरून केलेली मोजदाद पूर्ण झाल्यासारखी दिसते, पण ती अपुरी असते. नोंदच नसण्यापेक्षा ही स्थिती अधिक घातक, कारण तिच्यावर विश्वास ठेवला जातो.

मोजणी आतून व्हावी

त्यासाठी प्रत्येक महत्त्वाच्या कप्प्यात एक छोटा शोधक ठेवला जातो. तो आपल्या कप्प्यापुरती हाक घालतो आणि यादी मध्यवर्ती सर्व्हरकडे पाठवतो. संपर्काची सुरुवात शोधकाने करायची, सर्व्हरने नव्हे. म्हणजे फायरवॉलमध्ये एकाच दिशेची, एकाच दाराची आणि एकाच पत्त्यापुरती परवानगी पुरते. सोय म्हणून मध्यवर्ती सर्व्हरला सर्व कप्प्यांत मुक्त प्रवेश दिला, तर कप्पे पाडण्याचा उद्देशच फसतो. त्या एका सर्व्हरचा ताबा मिळवणाऱ्याला साऱ्या भिंती खुल्या होतात.

दुसरा स्रोत म्हणजे राऊटर आणि स्विच. कप्प्याबाहेर बोलणाऱ्या प्रत्येक उपकरणाची ताजी नोंद राऊटरकडे असते. ते कोणत्या पोर्टला जोडले आहे हे स्विचला ठाऊक असते. पिंगला दाद न देणारे उपकरणही येथे सापडते. पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरची नोंदवही हा तिसरा साक्षीदार.

नव्या आयपीव्ही ६ पद्धतीत तर या साक्षीदारांवाचून गत्यंतर नाही. तिथल्या एका सर्वसाधारण कप्प्यात इतके पत्ते असतात की सेकंदाला दहा लाख तपासले, तरी सुमारे ५ लाख ८४ हजार वर्षे लागतील.

किल्ल्या कुणाकडे?

राऊटरकडून माहिती घेण्यासाठी 'एसएनएमपी' ही पद्धत वापरतात. तिच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत संकेतशब्द उघड्यावर जातो आणि अनेक ठिकाणी तो मूळचा 'पब्लिक' असाच राहिलेला असतो. तिसऱ्या आवृत्तीत सांकेतिकरणाची सोय आहे. तीच वापरावी आणि अधिकार केवळ वाचण्याचा द्यावा. संगणकांच्या तपासणीसाठी प्रशासकाचे सर्वाधिकारी खाते देणे हा तर मोठाच धोका. शोधक प्रत्येक अनोळखी उपकरणाशी त्या खात्याने ओळख सांगू लागला, तर त्यांतले एखादे चोराचे असू शकते.

तपासणीचा वेगही बेताचा हवा. अनपेक्षित प्रश्नांनी काही प्रिंटर निरर्थक मजकुराची पाने छापू लागतात. कारखान्यातील जुनी नियंत्रक यंत्रे आणि रुग्णालयातील उपकरणे बंदही पडू शकतात. अशा कप्प्यांत प्रश्न न विचारता स्विचवरून वाहतुकीची प्रत घेऊन नुसते ऐकणे श्रेयस्कर.

यादीनंतरचे काम

सापडलेले प्रत्येक उपकरण खरेदीच्या नोंदींशी ताडून पाहावे लागते. मालक, जागा आणि प्रयोजन ठरत नसेल, तर ते वेगळे काढायचे, हा निर्णय आधीच झालेला हवा. रिझर्व्ह बँकेने जून २०१६ मध्ये बँकांसाठी काढलेल्या सायबर सुरक्षा परिपत्रकात पायाभूत उपायांच्या यादीत पहिले स्थान मालमत्तेच्या अद्ययावत नोंदीला दिले, ते उगाच नव्हे. अमेरिकी सरकारने तर ऑक्टोबर २०२२ च्या आदेशाने आपल्या नागरी खात्यांना दर सात दिवसांनी स्वयंचलित शोध घेणे बंधनकारक केले.

भिंती उभारणे हा एकदाचा खर्च असतो. मोजणी ही नित्याची शिस्त असते. पॅसाडेना येथे चोर आला तो अनोळखी उपकरणातून, आणि ते उपकरण अनोळखी राहिले ते मोजणी माणसाच्या आठवणीवर सोडल्यामुळे.